आज जेवायला काय? पांढरी पिशवी!

हल्ली ऑफिसात कुणी ‘अगं, शनिवारी ड्रिप घेऊन आले’ असं सांगितलं, तर तब्येतीची चौकशी करायची नसते. कुठल्या लाउंजमध्ये, ते विचारायचं असतं! म्हणजे मागे झुकणारी खुर्ची, मंद संगीत, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात सुई. मेन्यूकार्डही असतं बरं का. एनर्जी ड्रिप, इम्युनिटी ड्रिप, ग्लो ड्रिप आणि रविवारी सकाळी खास डिमांड असलेलं हँगओव्हर ड्रिप. तासाभरात एकदम फ्रेश! बिल मात्र असं की बघूनच पुन्हा अशक्तपणा यावा.

मला या सगळ्याची गंमत वाटते, कारण ही फॅशन मी लहानपणापासून बघतेय. आमच्या गावात तिला ‘बाटली लावणं’ म्हणतात.

माझं गाव वरणगाव. भुसावळच्या पुढे, नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर. बाहेरच्यांना ते ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे माहीत असतं. आम्ही तिला नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतो. 1960 च्या दशकात ती आली आणि गावातल्या निम्म्या घरांचा पगार तिथून यायला लागला, असं आमचे मामा सांगतात (मामा स्वतः तिथूनच रिटायर झालेत, त्यामुळे त्यांच्या ‘निम्म्या’वर थोडा डिस्काउंट घ्यावा). जवळ हतनूरचं धरण, तापीच्या काठाने केळीच्या बागा, आणि मे महिन्यात ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. या उन्हात माणूस गळतो. मग तो दवाखान्यात जाऊन म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, अंगात काई दम नाई राह्यला. एक बाटली लाऊन द्या ना!’ जो डॉक्टर बाटली लावत नाही तो डॉक्टरच नव्हे, असा गावाचा हिशेब. खाटेवर पेशंट, भोवती चार नातेवाईक, आणि सगळ्यांचे डोळे त्या टपटपणाऱ्या थेंबांवर. जणू पंगतीत वाढप सुरू आहे!

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. ग्लुकोजची जी नेहमीची अर्ध्या लिटरची बाटली असते, तिच्यात 5 टक्के साखर असते. म्हणजे 25 ग्रॅम. त्यातून मिळतात साधारण 85 कॅलरी. एका मध्यम पोळीच्या तोडीच्याही नाहीत! आणि ‘नॉर्मल सलाईन’ असेल तर कॅलरी शून्य. ते नुसतं मिठाचं पाणी. अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे दिवसभराचा कोटा त्या एका बाटलीतच जवळजवळ संपला. लाउंजमधल्या ड्रिपमध्येही बहुतेक वेळा असंच पाणी, वर दोन-तीन व्हिटॅमिनची इंजेक्शनं. रंग पिवळा दिसतो तो बी-कॉम्प्लेक्समुळे, आणि त्यातली जास्तीची बी-व्हिटॅमिन्स संध्याकाळपर्यंत बाथरूममध्ये जातात. त्याच रंगात!

जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल, तोंडाने घोटही राहत नसेल, शॉकमध्ये गेला असेल, तर हीच बाटली जीव वाचवते, यात वाद नाही. पण ती पाणी देते, जेवण नाही. आणि पाण्यासाठीही ती दरवेळी लागतेच असं नाही. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा आटला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटायला सुरुवात केली. 30 टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. तोंडाने! चमच्याने, वाटीने! हे वाचून मी वरणगावात फोन करून सांगितलं, तर पलीकडून आवाज आला, ‘हो, पन बाटलीनं बरं वाटते ना माय.’ चला, पुढे.

मग खरोखरच शिरेतून जेवायची वेळ आली तर? म्हणजे आतडंच बंद. वरण-भात नाही, पेज नाही, ज्यूस नाही, नाकातली नळीही नाही. अशा वेळी बाटलीतल्या ग्लुकोजवर माणूस जगवायचा म्हटलं, तर दिवसाच्या 1800 कॅलरींसाठी साडेदहा लिटर ग्लुकोज चढवावं लागेल. तेवढ्या पाण्यात माणूस बुडेल हो! बरं, साखर दाट करावी, तर हाताच्या बारीक शिरेत ती आगीसारखी झोंबते आणि शीर सुजून बंद होते. शतकानुशतकं गाडी इथेच अडली होती. ख्रिस्तोफर रेन, म्हणजे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा आर्किटेक्ट, त्याने 1656 मध्ये पक्ष्याच्या पिसाची नळी करून कुत्र्याच्या शिरेत वाइन आणि अफू सोडून पाहिली होती. (हँगओव्हर ड्रिपचा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. फक्त त्याने उलटीकडून सुरुवात केली!)

कोडं सुटलं ते 1960 च्या दशकात, अमेरिकेत फिलाडेल्फियाला. स्टॅन्ली डुड्रिक नावाचा तरुण सर्जन होता. ऑपरेशन फक्कड होतं, टाके छान बसतात, आणि तरी पेशंट दगावतात, हे त्याने वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं होतं. का? तर खायलाच मिळत नव्हतं. त्याने आणि त्याच्या टीमने नळी थेट छातीतल्या मोठ्या शिरेत नेली. तिथे रक्त इतक्या वेगाने वाहतं की दाट द्रावण आत पडताक्षणी पातळ होतं. साधी आयडिया वाटते ना? सहा बीगल जातीच्या पिल्लांना त्यांनी तोंडाने घासही न देता वाढवलं, एकाला तर 256 दिवस. ती भावंडांबरोबरीने वाढली. मग 1967 मध्ये एक तान्ही मुलगी आली. तिचं जवळजवळ सगळं लहान आतडं जन्मतःच बंद होतं. ती याच नळीवर वाढली, 22 महिने जगली. शेवटी गेली, पण तिच्यामुळे जगाला कळलं की माणूस असाही वाढू शकतो. आज महिने भरण्याआधी जन्मणारी हजार-बाराशे ग्रॅमची बाळं पहिले काही दिवस याच पद्धतीने तगतात. दूध पचायला लागेपर्यंत.

तेलाचं कोडं स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंडने त्याआधीच सोडवलं होतं. सोयाबीनचं तेल अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनने इतकं बारीक फेटायचं की त्याचे थेंब रक्तात बिनबोभाट फिरतील. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आलं. तेल, अंडं, फेटणं... हो, म्हणजे तुमच्या सँडविचमधलं मेयोनीजच, फक्त निर्जंतुक आणि शिरेतून!

हे सगळं मला पाठ कसं? तर मामांमुळे.

तीन वर्षांपूर्वी मामांच्या पोटात दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून ओवा झाला, बाटली झाली, अजून एक बाटली झाली. पाचव्या दिवशी भुसावळ, तिथून जळगाव, तिथून रात्रीच्या अ‍ॅम्ब्युलन्सने शहरातलं मोठं हॉस्पिटल. आतड्याला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी झाली होती. सर्जननी काळं पडलेलं आतडं काढून टाकलं. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं असं शाळेत शिकलो होतो ना, मामांचं एक मीटरच्या थोडं वर उरलं. आणि सांगितलं, ‘सध्या तोंडाने काही नाही. टीपीएन सुरू करू.’ टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन. शिरेतून पूर्ण जेवण.

दुसऱ्या दिवशी दंडातून आत सरकवलेल्या बारीक नळीला एक पांढरीशुभ्र पिशवी लागली. दोन लिटरच्या आसपास, दुधासारखी, वर प्रकाश लागू नये म्हणून जाड आवरण. मामींनी हात जोडले. गावाकडून आलेल्या प्रत्येकाने तिचं दर्शन घेतलं. आणि मग आली ती मॅडम. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात कागद. मामांचं वजन विचारलं, आजारापूर्वीचं वजन विचारलं, शेवटचं नीट जेवले कधी ते विचारलं, सकाळचे रिपोर्ट उतरवले, पिशवीवरचं लेबल वाचलं, आणि निघाली. मी विचारलं, ‘तुम्ही डॉक्टर का?’ ‘नाही, फार्मासिस्ट.’

मामी माझ्याकडे बघून कुजबुजल्या, ‘मेडिकलवाली?’

आपल्याकडे तेच! फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलवर गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देणारा. खान्देशात तर लग्नाच्या बाजारात ‘मुलगा डी.फार्म. आहे, स्टँडजवळ स्वतःचं मेडिकल आहे’ हा भक्कम बायोडाटा. शिरपूरला 1992 मध्ये आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज निघालं, नंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत कॉलेजं झाली, माझ्या वर्गातली पाच-सहा मुलं तिकडेच गेली. पण त्यातलं कुणी पुढे हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या खाटेपाशी उभं राहील, असं त्यांच्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं.

मॅडमचं आणि आमचं पहिलं भांडण झालं ते कॅलरीवरून. मामांचं वजन 58 किलोवर आलेलं. साध्या हिशेबाने त्यांना दिवसाला पंधराशे-सतराशे कॅलरी आणि सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रोटीन हवं. पहिल्या दिवशी पिशवीत होत्या सहाशे. मामींना हे कळलं आणि त्या उखडल्याच. ‘अवं ताई, दहा दिवसांचा उपाशी मानूस, आन् तुमी त्यायले अजून उपाशी ठेवता का? एवढा पैसा भरला आमी!’ पैशाचं खरं होतं. दिवसाची पिशवी काही हजारांची असते, आणि इन्शुरन्सवाले तिच्यावर शंभर प्रश्न विचारतात.

मॅडमने स्टूल ओढलं. ‘काकू, दहा दिवस उपाशी आहेत, म्हणूनच कमी देतोय.’ दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून, कैदेतून सुटलेल्या उपाशी माणसांना लोकांनी मायेने पोटभर खाऊ घातलं, आणि त्यातली काही खाल्ल्यावर मेली. उपाशी शरीर चरबीवर चालत असतं. एकदम साखर आली की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात उरत नाही. मग हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून आधी थायमिन, म्हणजे बी-वन, मग थोड्या कॅलरी, रोज फॉस्फेटची तपासणी, आणि हळूहळू वर. मामांचं फॉस्फेट तिसऱ्या दिवशी खाली आलंच. तिने त्या दिवशी कॅलरी वाढवल्या नाहीत, फॉस्फेट वाढवलं. मामी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी घरून आणलेल्या शेवेची पुडी काढून ठेवायला लागल्या.

थायमिनवरून एक आठवलं. 1988 मध्ये अमेरिकेत मल्टिव्हिटॅमिनच्या इंजेक्शनांची टंचाई झाली आणि काही पेशंटना व्हिटॅमिनशिवाय टीपीएन मिळालं. तिघं दगावले. साखर होती, प्रोटीन होतं, फक्त बी-वन नव्हतं. आपण जेवताना कधी विचार करतो का, की या घासात बी-वन आहे की नाही? पिशवी बनवणाऱ्याला करावा लागतो. तिच्यात चाळीसच्या आसपास घटक असतात. अमिनो अ‍ॅसिड, साखर, तेल, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, झिंक, तांबं, सेलेनियम, अ-पासून के-पर्यंत व्हिटॅमिनं. आणि हे सगळे एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत!

सगळ्यात मोठं वैर कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. हाडात दोघं एकत्र असतात म्हणून हाड कडक. पिशवीत एकत्र आले तर तिथेही तेच करतात, दगड! आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे क्षार धरतात ना, तसे बारीक खडे. कधी धरतील ते दोघांच्या प्रमाणावर, द्रावण किती आंबट त्यावर, आधी काय घातलं आणि नंतर काय यावर, आणि तापमानावरही अवलंबून असतं. थंडगार खोलीत स्वच्छ असलेली पिशवी उकाड्याच्या वॉर्डात बिघडू शकते. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) तेलामुळे पिशवी दुधाळ असते, त्यामुळे खडे दिसतच नाहीत. 1994 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला याच कारणाने देशभर इशारा काढावा लागला. दोन पेशंट गेले होते, आणखी किमान दोघांना श्वासाचा त्रास झाला होता, आणि शवविच्छेदनात फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक सापडले होते. तेव्हापासून फॉस्फेट आधी, कॅल्शियम अगदी शेवटाकडे, आणि नळीत गाळणी हा शिरस्ता पक्का झाला. आपल्या चहाच्या गाळणीसारखीच, फक्त हिची छिद्रं एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी.

एकदा मी हट्टच केला, तेव्हा मॅडमने मला त्यांची मिक्सिंग रूम काचेबाहेरून दाखवली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला एक मुलगा, समोर शुद्ध हवेचा झोत सोडणारं स्टीलचं टेबल. तो हात इतके सावकाश हलवत होता की स्लो मोशन वाटावं. कारण प्रत्येक हालचालीने हवा ढवळते. साखर, प्रोटीन, तेल, कोमट शरीर... जंतूंना याहून फाइव्ह स्टार पाहुणचार कुठे मिळणार? 2011 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात सहा हॉस्पिटलांतल्या 19 पेशंटना अशाच पिशव्यांतून जंतुसंसर्ग झाला, 9 जण दगावले. जंतू सापडले ते पिशव्या बनवणाऱ्या फार्मसीच्या नळावर. म्हणजे इथे खुद्द फार्मसीच चुकली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत जोधपूरच्या उमेद रुग्णालयात एकामागून एक बाळंतिणी गेल्या, आणि बोट दाखवलं गेलं ते दूषित सलाईनच्या बाटल्यांकडे. तुमच्या लाउंजमध्ये ती व्हिटॅमिनं बाटलीत नेमकी कुठे आणि कोण मिसळतं, काउंटरच्या मागे की ज्यूसच्या मिक्सरशेजारी, हे विचारून बघा एकदा.

आता केळ्याची गोष्ट. मामांचा जीव वाचला तो माझ्या मते दहाव्या दिवशी दुपारी, आणि ते आमच्यापैकी कुणाला त्या वेळी कळलंही नाही. आदल्या रात्री पोटॅशियम कमी आलं होतं. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरने वेगळ्या ड्रिपमधून पोटॅशियम लिहिलं. सकाळच्या डॉक्टरने तोच रिपोर्ट बघून टीपीएनच्या पिशवीतलं पोटॅशियम वाढवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर! दोन्ही कागद एकत्र पाहिले ते फक्त मॅडमने. तिने पिशवी बनवायची थांबवली, फोन लावला, पुन्हा रक्त तपासायला लावलं, तर रात्रीच्या ड्रिपने पोटॅशियम आधीच नॉर्मलला आलेलं. वरून वाढीव पिशवी लागली असती तर?

मी म्हटलं, ‘पण मॅडम, पोटॅशियम तर चांगलं असतं ना? आम्ही जळगावकडचे, केळ्यांवरच वाढलो.’ ती हसली. खिशातून एक छोटं प्लास्टिकचं अ‍ॅम्प्यूल काढलं. पोटॅशियम क्लोराइड, 10 मिलिलिटर, 15 टक्के. यात पोटॅशियम किती? 20 मिलिइक्विव्हॅलंट (नाव विसरा). मध्यम आकाराच्या दोन केळ्यांत असतं तेवढं! दोन केळी खाऊन कुणी मेलंय का? पण हेच 10 मिलिलिटर पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबतं. अमेरिकेत मृत्युदंडाच्या इंजेक्शनात हेच वापरत आलेत.

केळं खाल्लं की आतडं ते तासन्‌तास घेऊन बसतं, थोडं थोडं सोडतं, यकृत बघतं, किडनी जास्तीचं फेकते. घास तोंडात गेल्यापासून रक्तात पोचेपर्यंत तीन-चार चेकपोस्ट. शिरेतून दिलं की नाके सगळे ओलांडून माल थेट गावात. म्हणून जे काम मामांचं आतडं आयुष्यभर फुकट करत होतं, ते आता तिशीतली एक मुलगी कागद-पेन घेऊन करत होती. पगार किती, ते मी विचारलं. आकडा ऐकून मी विषय बदलला. आमच्या ऑफिसात फ्रेशरला त्याहून जास्त मिळतात.

अमेरिकेत 1988 मध्येच न्यूट्रिशन सपोर्ट फार्मसी ही स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्य झाली. आपल्याकडे फार्मसीचा कायदा 1948 चा, पेशंटजवळ काम करायला शिकवणारा सहा वर्षांचा फार्म.डी. हा कोर्स 2008 मध्ये आला, आणि फार्मासिस्टने पेशंटला औषध समजावून सांगावं हे नियमात आलं 2015 मध्ये. मॅडम त्या फार्म.डी.च्या सुरुवातीच्या बॅचपैकी. कितीतरी ठिकाणी आजही पिशवीत काय मिसळायचं ते वॉर्डातली सिस्टर घाईत, खाटेशेजारी मिसळते. तिचा दोष नाही, एका सिस्टरकडे वीस पेशंट असतात. तयार तीन कप्प्यांच्या पिशव्या मिळतात, मधलं सील दाबलं की प्रोटीन, साखर, तेल एकत्र. बरेचसे पेशंट त्यांवर निभावतात. पण त्या म्हणजे रेडीमेड शर्ट. मामांसारख्या वेड्यावाकड्या मापाला शिंपीच लागतो.

आणि चांगल्या शिंप्याची एक खूण तिनेच मला दाखवली. ती रोज विचारायची, ‘आज तोंडाने काय देता येईल?’ आतडं जरासुद्धा चालत असेल तर ते वापरायचं, हा या विषयातला पहिला नियम. न वापरलेलं आतडं रोडावतं, लांबलेल्या टीपीएनने यकृत बिघडतं, नळीतून जंतू शिरायची भीती रोजची. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली आईच्या दुधाची बँक काढली, तीही याच विचाराने. बाळ केवढंसं का असेना, त्याच्या पोटात थेंबभर तरी आईचं दूध जाऊ दे. मामांना बाराव्या दिवशी दोन चमचे पेजेचं पाणी मिळालं. त्यांनी ते असं तोंडात घोळवलं की मामी बाहेर जाऊन रडल्या. मग पाच चमचे, मग वाटी. पेज वाढेल तशी पिशवी रोज थोडी छोटी व्हायची. सव्विसाव्या दिवशी ती बंद झाली, तीही झटक्यात नाही. शेवटच्या दोन तासांत वेग निम्मा, कारण एवढी साखर एकदम थांबली तर इन्सुलिन मागे उरतं आणि शुगर खाली कोसळते.

मामा आता दिवसातून सात वेळा थोडं थोडं खातात. भरीत चमचाभर. कळण्याच्या भाकरीचा फक्त पापुद्रा. शेवभाजीचा नुसता वास. वजन 61 किलो. बी-12 चं इंजेक्शन ठरलेलं, ते आतड्याच्या ज्या टोकात शोषलं जातं ते टोकच गेलंय.

पण त्यांना एक नवीन खोड लागलीय. औषध आणायला गेले की काउंटरवरच्या पोराला विचारतात, ‘तू फार्मासिस्ट आहे का रे?’ पोरगं म्हणतं, ‘शेठ जेवाले गेलेत.’ मामा भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवतात. ‘अन् हा फोटोतला मानूस? तो कवा येतो?’ 2012-13 च्या सुमारास राज्याच्या एफडीएने ‘फार्मासिस्ट हजर नाही तर औषधविक्री नाही’ म्हणून मोहीम उघडली होती, दुकानदार संपावर गेले होते, पेपरात रोज बातम्या होत्या. मामांना त्यातलं काही माहीत नाही. त्यांची वन मॅन मोहीम आहे. दुकानदार वैतागला, त्याने दोन महिने मामांना पलीकडच्या मेडिकलवर पाठवलं. तिथेही तोच प्रश्न. शेवटी मागच्या दिवाळीपासून तो फोटोतला माणूस संध्याकाळी पाच ते आठ खरोखर येऊन बसतो. भुसावळहून येतो, बाइकवर. मामा बरोबर सव्वापाचला जातात, प्रिस्क्रिप्शन पुढे करतात आणि म्हणतात, ‘वाच बरं सगळं. घाई नको करू.’